कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात आल्यावर: काय बदलायचं, कशाच्या जागी काय घ्यायचं, आणि फरक पडला का हे कसं ओळखायचं

रिपोर्टमध्ये एका आकड्यापुढे चांदणी दिसली की पहिला बळी जातो अंड्याचा. दुसऱ्या दिवसापासून पिवळा बलक बंद, तेलाची बाटली मागच्या फळीवर. बिस्किटं मात्र तशीच चालू, कारण पाकिटावर ठळक अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं लिहिलेलं असतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते, आकडा जिथल्या तिथे. मग सगळे मिळून ठरवतात की पथ्याने काही होत नाही, हे अंगातच आहे.

पथ्याने होतं. पुष्कळदा चांगलंच होतं. फक्त ते कुठे काम करतं हे माहीत नसेल, तर माणूस नको ते सोडतो आणि सोडायला हवं ते खात राहतो. म्हणून आधी थोडं यकृताबद्दल, म्हणजे लिव्हरबद्दल, आणि मग एकेक पायरी.

खेळ सगळा लिव्हरमध्ये

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे आणि तो शरीराला लागतो. प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. पित्त, काही संप्रेरकं आणि ड जीवनसत्त्व त्यापासूनच तयार होतं. ज्याच्याशिवाय चालत नाही ती वस्तू शरीर फक्त जेवणाच्या भरवशावर सोडत नाही. त्यामुळे आपल्याला लागणारं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. जेवणातून जास्त आलं की बहुतेकांचं लिव्हर आपलं उत्पादन कमी करतं.

मग अन्नातल्या कोलेस्टेरॉलची एवढी धास्ती आली कुठून? १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कॉव्ह यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर धरलेले दाखवले. प्रयोग मोलाचा होता. रक्तातलं कोलेस्टेरॉल धमनी खराब करतं ही दिशा त्यातूनच मिळाली. पण ससा शाकाहारी प्राणी. त्याच्या शरीराला खाण्यातलं कोलेस्टेरॉल सांभाळायची सवयच नाही, म्हणून त्याच्या रक्तातला आकडा भरमसाट वाढतो. माणसाचं तसं होत नाही. आपण मात्र सशाचं पथ्य बरीच वर्षं पाळत राहिलो.

माणसात नेमकं काय होतं, ते मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उलगडलं. १९८५ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. कोलेस्टेरॉल रक्तात सुटं फिरत नाही, ते प्रथिनांच्या पुडीत बांधलेलं असतं. त्यातली एक पुडी म्हणजे एलडीएल. लिव्हरच्या पेशींवर ही पुडी पकडून आत ओढणारे ग्राहक असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. रिसेप्टर भरपूर असतील तर रक्तातलं एलडीएल भराभर उचललं जातं. ते कमी पडले की पुड्या रक्तात रेंगाळत राहतात.

या लेखातला पुढचा जवळजवळ प्रत्येक सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे. लोणी, साय, तूप, चरबीदार मांस, खोबरेल तेल, पाम तेल यांतली संपृक्त चरबी, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, हे रिसेप्टर कमी करते. ओट किंवा कडधान्यांतले विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतात. मग नवं पित्त बनवायला लिव्हरला कोलेस्टेरॉल लागतं आणि ते रक्तातून ओढायला तो रिसेप्टर वाढवतो. एलडीएल उतरवणारी स्टॅटिन औषधंही फिरून तिथेच येतात: लिव्हरचा स्वतःचा कारखाना मंदावतात आणि त्याला रक्तातला माल उचलायला लावतात.

रेंगाळलेल्या पुड्यांपैकी काही धमनीच्या आतल्या अस्तरात शिरून अडकतात. तिथे त्या बिघडतात, पांढऱ्या पेशी त्यांना खायला येतात आणि फुगून तिथेच मरतात. वर्षानुवर्षं असा थर वाढत जातो. झटका बहुधा येतो तो हा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाल्यामुळे. नळात गाळ साचत साचत एक दिवस नळ तुंबतो, हे नेहमीचं चित्र म्हणूनच अपुरं आहे. अर्ध्याहून कमी अरुंद झालेली धमनीही झटका देऊ शकते.

यात वेळेचा हिशोब मोठा. काही माणसं पीसीएसके९ नावाच्या जनुकातला एक बदल घेऊन जन्माला येतात, त्यामुळे त्यांचे रिसेप्टर जास्त टिकतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय व्यक्तींचं एलडीएल इतरांपेक्षा सुमारे २८ टक्के कमी होतं, आणि हृदयधमन्यांचा विकार ८८ टक्के कमी. उलट, औषधाने साधारण पाच वर्षं एलडीएल डेसिलिटरमागे ३९ मिलिग्रॅमने खाली ठेवलं, तर झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी घटतात. तेही थोडं नाही, पण जन्मभर थोडं कमी असणं हे उतारवयात घाईने खूप कमी करण्यापेक्षा जास्त फळतं. तिशीतला रिपोर्ट ‘थोडासाच वाढलाय’ म्हणून फायलीत सरकवण्याआधी हे आठवावं.

पायरी १: रिपोर्ट नीट वाचा

सगळ्यात वर असतो तो एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा, आणि कामाच्या दृष्टीने तोच सगळ्यात कमी उपयोगाचा. त्यात सगळ्या पुड्यांची बेरीज असते.

समजा रिपोर्ट असा आहे: एकूण २२८, एचडीएल (कोलेस्टेरॉलची दुसरी पुडी) ४२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १८०, सगळं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. अनेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात: एकूणमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. म्हणजे २२८ वजा ४२ वजा ३६, बरोबर १५०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र कोलमडतं, तेव्हा त्या रिपोर्टमधल्या एलडीएलवर विश्वास ठेवू नका.

दुसरी वजाबाकी स्वतः करा, कारण कित्येक रिपोर्टमध्ये ती छापलेलीच नसते: एकूण वजा एचडीएल. इथे १८६. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीत अडकू शकणाऱ्या सगळ्या पुड्या यात येतात. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल, मधुमेह असेल किंवा पोट सुटलेलं असेल, तर एलडीएलपेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो. उपाशीपोटी रक्त दिलं नसेल तरी तो चालतो. (रोजच्या तपासणीला उपाशी राहण्याची सक्ती युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्येच काढली. ट्रायग्लिसराइड फार जास्त आलं तर मात्र उपाशीपोटी पुन्हा तपासावं.)

एचडीएलला ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात, आणि त्या नावाने बराच घोळ घातला आहे. कमी एचडीएल हे धोक्याचं चिन्ह आहे, हे खरं. पण ते मुद्दाम वाढवून फायदा होतो असं दिसलेलं नाही. टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांहून जास्त वाढवलं, तरी ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढले आणि २००६ च्या डिसेंबरात चाचणी बंद करावी लागली. ‘माझं चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे, त्यामुळे वाईटाची चिंता नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्यांच्या एलडीएलकडे बघा.

मग एलडीएल किती असावं? निरोगी माणसात १०० च्या खाली असलेलं बरं. हृदयविकार झालेला असेल तर ७० च्या खाली, आणि युरोपातल्या २०१९ च्या शिफारशींनुसार अतिजोखमीच्या रुग्णांत ५५ च्या खाली. तुमचं लक्ष्य काय, हे वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि घराण्याचा इतिहास पाहून डॉक्टर ठरवतात. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर ते न विचारताच सांगा. रिपोर्टमध्ये मिलिमोल हे एकक असेल तर कोलेस्टेरॉलचा आकडा ३८.७ ने गुणा, ट्रायग्लिसराइडचा ८८.६ ने.

तीन आकड्यांवर आधी डॉक्टरकडे जायचं, स्वयंपाकघराकडे नंतर. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर आनुवंशिक कारणाची शक्यता असते. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तिसरा आकडा लिपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच पुडीचा, जो नेहमीच्या तपासणीत नसतो. तो जवळजवळ पूर्ण जन्मजात ठरतो, आहाराने हलत नाही आणि साधारण पाचातल्या एका माणसात वाढलेला असतो. आयुष्यात एकदा तपासला की पुरतं.

शिवाय, एलडीएलचा आकडा वेगळ्याच कारणाने तर वाढलेला नाही ना? थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं आणि थायरॉइडची गोळी सुरू केली की ते आपोआप उतरतं. मूत्रपिंडाचे काही आजार, स्टेरॉइडसारखी औषधं आणि गरोदरपण यांतही ते वाढतं. मोठ्या आजारपणात उलट खोटं कमी दिसतं. ताप येऊन गेल्यावर लगेच केलेली तपासणी म्हणून फारशी उपयोगाची नाही.

पायरी २: आठ दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा

ही पायरी सगळेच गाळतात. आठ दिवस जे पोटात जातं ते सगळं वहीत लिहायचं, सुट्टीच्या दिवसासकट. कॅलरी मोजायच्या नाहीत. दोनच खुणा करायच्या: संपृक्त चरबी कुठून आली, आणि साखर-मैदा कुठून आला.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून काही आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे संपृक्त चरबीतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. २००० कॅलरींच्या आहारात ती सुमारे २२ ग्रॅम होते. एलडीएल वाढलेलं असेल तर ५ ते ६ टक्के, म्हणजे ११ ते १३ ग्रॅमवर आणायला अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. एक मोठा चमचा लोण्यात सुमारे ७ ग्रॅम असते. खोबरेल तेलाच्या तेवढ्याच चमच्यात ११ ते १२ ग्रॅम, म्हणजे एका चमच्यात दिवसाचा कोटा संपला. ऑलिव्ह तेलाच्या चमच्यात साधारण २ ग्रॅम, कॅनोला तेलात १ ग्रॅम. अंड्यात दीड ग्रॅमच्या आसपास.

आता वहीकडे परत. बहुतेकांना इथे आश्चर्य वाटतं, कारण संपृक्त चरबी ज्या पदार्थांना दोष देतात त्यांत फारशी नसते. ती सापडते चीजमध्ये, आइस्क्रीममध्ये, केक-पेस्ट्रीत, तळलेल्या पाकीटबंद पदार्थांत, दुधाच्या जाड सायीत आणि मांसाच्या चरबीच्या कडेत.

पायरी ३: काढलं त्याच्या जागी काय आलं ते पाहा

माझ्या मते पथ्य फसतं ते इथेच. माणूस एक गोष्ट सोडतो आणि भूक काही कमी होत नाही, म्हणून तिच्या जागी दुसरं काहीतरी येतंच. ते काय आलं, यावर निकाल ठरतो.

लोणी सोडून पांढरा ब्रेड आणि जॅम वाढला, तर एलडीएल थोडं उतरतं, पण ट्रायग्लिसराइड चढतं आणि एचडीएल घसरतं. हृदयाच्या पदरात काही पडत नाही. गेल्या शतकाच्या शेवटी ‘लो फॅट’ची लाट आली तेव्हा हेच झालं: चरबी काढली, चव राखायला साखर घातली. तेच लोणी सोडून त्या जागी सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, कॅनोला किंवा ऑलिव्ह तेल आलं, दाणे-बदाम-अक्रोड आले किंवा मासे आले, तर एलडीएलही उतरतं आणि हृदयविकाराचा धोकाही. ‘तेल एकदम बंद’ हे पथ्य म्हणूनच चुकीचं आहे. किती तेल हे वजनासाठी बघा, कोणतं तेल हे एलडीएलसाठी.

बदल एकेक करा, पण रोजचा करा. महिन्यातून एकदा खाल्लेल्या केकमुळे एलडीएल वाढत नाही. ते वाढतं रोज सकाळच्या लोण्याने. वहीत जी गोष्ट सात दिवसांत पाच वेळा आली असेल, तीच आधी बदला.

दुधाच्या पदार्थांत एक बारकावा आहे. सारखीच चरबी पोटात गेली तरी चीजने एलडीएल लोण्यापेक्षा कमी वाढतं. सगळ्या दुग्धजन्य पदार्थांना एकाच माळेत ओवू नये. आवडीचं दही ठेवा, लोणी आणि साय कमी करा.

ट्रान्स फॅट मात्र वेगळं प्रकरण. द्रव तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करताना हे तयार होतं. ते एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएलही पाडतं. यासाठी सुरक्षित मात्रा अशी काही नाही. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर कडक मर्यादा घातली, नंतर अनेक देश त्या वाटेने गेले. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ किंवा नुसतं ‘हायड्रोजनेटेड वनस्पती तेल’ असे शब्द दिसले, तर पाकीट परत ठेवा. पुढच्या बाजूला ट्रान्स फॅट शून्य छापलेलं असलं तरी यादी वाचाच, कारण काही देशांत ठराविक मात्रेच्या खाली शून्य लिहायला मुभा असते.

आणि ते ‘कोलेस्टेरॉल नाही’? वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नावाला असतं, ते खोबरेल असो वा सोयाबीन. बाटलीवरचं ते वाक्य खरं आहे, पण तुमच्या एलडीएलबद्दल ते काहीच सांगत नाही.

राहिलं अंडं. एका बलकात सुमारे १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. रोज ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा अमेरिकेच्या आहार मार्गदर्शनातून २०१५ च्या आवृत्तीत गेली. बहुतेक निरोगी लोकांना दिवसाला एक अंडं चालतं. काहींचं एलडीएल अंड्याने खरंच वाढतं. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर बलक आठवड्यातून मोजकेच घ्यावेत. अंड्याचं काय करायचं याचा निकाल तुमचा पुढचा रिपोर्टच देईल. तोवर अंड्याबरोबर ताटात काय येतं, लोण्यात तळलेला पाव की भाजी, हे जास्त महत्त्वाचं.

पायरी ४: आता घाला

पथ्य म्हटलं की आपल्याला फक्त सोडणं सुचतं. एलडीएलच्या बाबतीत घालण्यानेही तेवढंच काम होतं, आणि घालणं टिकतं.

पहिलं, विरघळणारे तंतू. पाण्यात भिजवल्यावर जे बुळबुळीत होतं, ते हे. ओट आणि जवातला बीटा-ग्लुकन नावाचा तंतू रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर एलडीएलमध्ये मोजता येण्याइतका फरक पडतो. तेवढ्यासाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट लागतात. चवीपुरते दोन चमचे टाकून उपयोग नाही. साखर घातलेल्या, चव दिलेल्या पाकिटापेक्षा साधे ओट घ्या. इसबगोल हाच परिणाम आणखी सोप्या वाटेने देतो: रोज सुमारे १० ग्रॅम, भरपूर पाण्याबरोबर. दोन सूचना. एकदम पूर्ण मात्रा घेतली तर पोट फुगतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. आणि इतर औषधं आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, नाहीतर तो औषधालाही धरून नेतो. गिळायला त्रास होत असेल त्यांनी तो घेऊच नये.

दुसरं, कडधान्यं आणि डाळी. २६ चाचण्यांच्या एकत्र विश्लेषणात रोज सुमारे १३० ग्रॅम शिजवलेली कडधान्यं खाणाऱ्यांचं एलडीएल साधारण ५ टक्के उतरलं. मध्यम वाटीभर. मांसाच्या जागी आली तर दुहेरी फायदा, कारण तिथली संपृक्त चरबीही गेली.

तिसरं, कठीण कवचाची फळं: बदाम, अक्रोड, पिस्ते. शेंगदाणेही यात धरा. दिवसाला ३० ग्रॅम, म्हणजे छोटी मूठ. न तळलेले, न खारवलेले. मात्र जेवणावर जादा खाल्ले तर वजन वाढेल, बिस्किटांच्या जागी खा.

चौथं, वनस्पती स्टेरॉल. दिसायला कोलेस्टेरॉलचेच भाऊबंद, त्यामुळे आतड्यात शोषलं जाताना कोलेस्टेरॉलची जागा अडवतात. रोज २ ग्रॅम घेतले तर एलडीएल ८ ते १० टक्के कमी होतं. नुसत्या जेवणातून एवढी मात्रा मिळत नाही, ते घातलेले खास पदार्थ किंवा गोळ्या लागतात. हे चौथं ऐच्छिक समजा.

प्रत्येक आकडा एकटा पाहिला तर पाच टक्के, आठ टक्के असाच आहे. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी विचारलं, सगळे एकत्र केले तर? तंतू, सोया, बदाम, स्टेरॉल या सगळ्यांचा एकत्र आहार त्यांनी ४६ जणांच्या चाचणीत तपासला, २००३ साली. एका महिन्यात तो आहार घेणाऱ्यांचं एलडीएल सुमारे २९ टक्के उतरलं, त्याच चाचणीत लोव्हास्टॅटिनची गोळी घेणाऱ्यांचं ३१ टक्के. हे वाचून लगेच गोळी फेकू नका. तिथे जेवण जवळजवळ पूर्ण पुरवलं जात होतं. पुढे २०११ मध्ये लोकांना फक्त सल्ला दिला आणि खरेदी-स्वयंपाक त्यांच्यावर सोपवला, तेव्हा सहा महिन्यांत घट १३ टक्क्यांच्या आसपास आली. घरच्या पथ्याकडून अपेक्षा ठेवायची ती या आकड्याच्या आसपास. काटेकोर करणाऱ्याला जास्त मिळेल.

ट्रायग्लिसराइड वाढलं असेल तर

त्याचा उपाय निराळा आहे. साखर, गोड पेयं, फळांचे रस, मैदा आणि दारू ही त्याची खरी कारणं. लोणी सोडून ते फारसं हलत नाही. वजन ५ ते १० टक्के उतरलं तर ट्रायग्लिसराइड साधारण २० टक्के कमी होतं, दारू सोडली तर काहींचं त्याहून जास्त. माशाच्या तेलाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या ट्रायग्लिसराइड उतरवतात, एलडीएल नाही. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून त्या आपल्या मनाने घेण्यात अर्थ नाही.

कार्बोहायड्रेट अगदी बंद करून लोणी-मांसावर राहणाऱ्यांचं ट्रायग्लिसराइड सुरेख दिसतं. पण त्यांतल्या काहींचं, विशेषतः सडपातळ लोकांचं, एलडीएल धडकी भरेल इतकं चढतं. तो आहार करायचाच असेल तर दोन महिन्यांत तपासणी करा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. आठवड्याला १५० मिनिटं दमवणारं चालणं: ट्रायग्लिसराइड, रक्तदाब आणि साखर यांवर चांगला परिणाम, एलडीएलवर बेताचाच. धूम्रपान: एकूण धोक्याच्या दृष्टीने, वरच्या चारही पायऱ्यांआधी हे सोडा. मीठ: कोलेस्टेरॉलशी संबंध नाही, पण रक्तदाबासाठी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. कॉफी: न गाळता उकळलेल्या किंवा प्रेसमधल्या कॉफीत एलडीएल वाढवणारी द्रव्यं असतात, कागदी गाळणी ती अडवते. दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्यांसाठी हा बदल फुकटचा फायदा आहे.

पायरी ५: तारीख ठरवून पुन्हा तपासा

आहार बदलल्याचा परिणाम एलडीएलवर तीन-चार आठवड्यांत दिसू लागतो. आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, त्याच लॅबमध्ये, आणि पहिल्यांदा उपाशीपोटी दिलं असेल तर याही वेळी उपाशीपोटी. पहिल्याच दिवशी ही तारीख वहीत लिहून ठेवा. तारीख नसलेलं पथ्य तिसऱ्या आठवड्यात ढिलं पडतं.

निकाल वाचताना एक सावधगिरी. एकाच माणसाचं एलडीएल काही न करताही पाच-दहा टक्के वरखाली होतं. १५० चं १४३ झालं तर पेढे वाटू नका, १५६ झालं तर खचू नका. १५० चं १२८ झालं तर मात्र ते पथ्याचंच फळ. वही काढा आणि कोणते बदल टिकले ते बघा.

काहीच हललं नाही तर? आधी वही प्रामाणिकपणे तपासा: ओट खरंच ७५ ग्रॅम होते का, की नावापुरते? तिथे सगळं ठीक असेल तर रिसेप्टरचा वाटा जनुकांनी ठरवलेला आहे, यात तुमचा दोष नाही. पथ्य पाळणाऱ्या माणसाला ‘तुम्ही नक्कीच चोरून खाता’ असं ऐकवणारे बरेच भेटतात. त्यांना रिपोर्ट कळत नाही एवढंच.

पायरी ६: औषधाची वेळ आली तर

ज्याला आधीच झटका येऊन गेलाय, मधुमेह आहे किंवा एलडीएल १९० च्या वर आहे, त्याने तीन महिने पथ्याचा प्रयोग करत थांबायचं नसतं. तिथे डॉक्टर औषध आणि आहार एकत्रच सुरू करतात. बाकीच्यांत हा निर्णय एकूण जोखीम पाहून होतो. औषध घ्यावं लागलं म्हणजे आपण हरलो असं वाटून घेऊ नका.

स्टॅटिनचा शोध जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून लावला, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत त्यातलं पहिलं औषध बाजारात आलं. मात्रा दुप्पट केली तर एलडीएल जेमतेम आणखी ६ टक्के उतरतं. म्हणजे वाटीभर कडधान्यांनी जे होतं, जवळपास तेवढंच. गोळी चालू झाली म्हणून पथ्य सोडायचं नाही, ते यासाठी. आणखी उतरवायचं असेल तर आतड्यातून शोषण रोखणारं एझेटिमाइब जोडतात.

स्नायू दुखतात ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. लंडनमधल्या सॅमसन नावाच्या चाचणीत, त्रास झाल्यामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर कोणत्या महिन्यात खरी गोळी, कोणत्या महिन्यात खोटी आणि कोणत्या महिन्यात काहीच नाही, असं दिलं. खऱ्या गोळीच्या महिन्यांतला ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. त्रास खोटा नव्हता, त्याचं कारण बहुतेकांत औषध नव्हतं. म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, औषध किंवा मात्रा बदलता येते. तीव्र दुखणं आणि गडद रंगाची लघवी असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा. गरोदर असाल किंवा होण्याचा विचार असेल तर आधीच सांगा. सिम्वास्टॅटिन आणि अटॉर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट टाळावं, त्याने रक्तातली औषधाची पातळी वाढते. आणि लाल यीस्ट तांदळाची ‘नैसर्गिक’ कॅप्सूल घेत असाल तर तेही सांगा. त्यात लोव्हास्टॅटिनच असतं, फक्त किती ते नक्की नसतं.

छातीत दाब, तो हातात किंवा जबड्यात पसरणं, अचानक धाप, थंड घाम यांतलं काही झालं, तर रिपोर्ट कितीही चांगला असला तरी थेट आपत्कालीन सेवेला फोन करा.

एक काम घरातल्या इतरांसाठी. जन्मजात एलडीएल वाढवणारा आजार साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला असतो, आणि आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के. बाहेरून काही दिसत नाही. क्वचित टाचेमागच्या कंडरेवर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या दोरीवर, जाड गाठ दिसते, किंवा पंचेचाळिशीच्या आत डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढुरकं कडं. तुमचं एलडीएल १९० च्या वर आलं असेल, तर भावंडांची आणि मुलांची तपासणी याच महिन्यात करून घ्या, मुलं सडपातळ आणि खेळकर असली तरीही.